प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचं थोडं

भरणे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. काचसामानाच्या गोदामात पॅकिंग खात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. कप, बरण्या, झुंबरं, आरसे, काय काय म्हणून त्यांनी खोक्यांत भरून रवाना केलं, आणि फुटल्याची तक्रार क्वचितच आली. म्हणून हमालांपासून मालकापर्यंत सगळे त्यांना भरणेसाहेब म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांच्यासमोर कुणी "बॅगेत कपडे कोंबले" असं म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. "कोंबतात ती कोंबडी, खुराड्यात," ते म्हणत. "बॅग भरायची असते." हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की खात्यातली माणसं तो त्यांच्याआधीच पुरा करून टाकत. तरी ते दरवेळी हसत.

घरच्या प्रवासाच्या बॅगा अर्थातच दुसरं कुणी भरत नसे. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा विमानाने गेली तेव्हा बायकोची बॅग भलत्याच गावाला जाऊन बसली होती. आठवडाभर ती त्यांचे शर्ट घालून, बाह्या दुमडून हिंडली. आरशात बघून स्वतःलाच हसली, त्यांनाही हसवलं. तिच्या मनात त्या आठवड्याची गंमत राहिली. भरणेसाहेबांनी त्यातून नियम काढला. कुणाचंही सगळं एका बॅगेत ठेवायचं नाही. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचं थोडं. एखादी बॅग हरवलीच तर सगळ्यांचं थोडं थोडं जाईल, पण कुणी एकटं उघडं पडणार नाही.

नियम चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नाही. जड वस्तू चाकांच्या बाजूला, बुटांच्या पोटात मोजे, तेलाच्या बाटल्यांना दुहेरी पिशवी, औषधं आणि पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत, बॅगेच्या आतही नाव-पत्त्याची चिठ्ठी, आणि सगळं झाल्यावर हुकाच्या काट्याला लटकवून वजन. हे सगळं उत्तमच. पण उतरल्यावर मोजा हवा असला तरी भरणेसाहेबांना विचारावं लागे. बायको विचारी, आणि ते डोळे मिटून सांगत, "निळ्या बॅगेत, डावीकडे, टॉवेलच्या खाली." मोजा तिथेच असे. त्यांना वाटे, बायको खूश होते आहे.

हीच रीत हळूहळू घरभर पसरली. कपाटातले खण त्यांनी लावले, मग स्वयंपाकघरातले डबे, मग बायकोची शिवणाची पेटी. ती बायकांचे कपडे शिवायची, आणि दोऱ्यांची रिळं तिने आपल्या हाताच्या सवयीने ठेवलेली असत. एका रविवारी भरणेसाहेबांनी ती रंगाप्रमाणे लावून दिली. तो रविवार त्यांच्या लक्षातही राहिला नाही; तिच्या राहिला. वर्षानुवर्षं आपल्याच घरात आपली वस्तू नवऱ्याला विचारून शोधायची, हे बाहेरच्याला सांगायला गेलं तर कुणी ऐकून घेणार नाही. मारत नाही, पीत नाही, कपाट लावून देतो, आणखी काय हवं? तिनेही कुणाला सांगितलं नाही. तिने फक्त दूरदेशी राहणाऱ्या आपल्या भावाला फोन केला.

भावाचं तिकडे कपड्यांचं दुकान होतं. सुट्टीला या म्हणाला. तिघांची तिकिटं आली. भरणेसाहेबांचं दोन आठवड्यांनी परतीचं तिकीट होतं. बायकोचं आणि लेकीचं नव्हतं.

"आम्ही दोघी थोडे दिवस राहू," बायको म्हणाली होती. "दादाला दुकानात हात हवाय. बबडीलाही बदल."

"थोडे म्हणजे?"

"मग बघू."

या "मग बघू"वर भरणेसाहेबांनी दोन महिने काढले. गोदामात खोकी भरता भरता ते तोच शब्द उलटसुलट करून बघत. त्यात "नाही" नव्हतं. "नाही" म्हणायचं असतं तर ती म्हणाली नसती का? बबडी त्यांची लेक, बारा वर्षांची, मैत्रिणींसमोर या नावाने हाक मारली की चिडणारी. तिच्याशी ते यातलं काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. घरात तिघंही फार सांभाळून बोलत होती.

मग बायकोने दोन नव्या बॅगा आणल्या, एक मोठी, एक मध्यम.

"माझं आणि बबडीचं मी भरते," ती म्हणाली.

"अगं, पण तुला जमायचं नाही. आणि सगळं वेगवेगळं केलंस आणि एखादी बॅग हरवली तर?"

"हरवू दे."

"असं कसं हरवू दे?"

"अहो, इतकी वर्षं तुम्ही मलासुद्धा भरतच आलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकदा माझी बॅग मला भरू द्या."

भरणेसाहेबांना ते लागलं, पण का लागलं ते नीटसं उमजलं नाही. आपलं चुकलं असेल असं वाटलं, आणि काय चुकलं ते बॅगा नीट भरल्या की सापडेल असंही वाटलं. माणूस असा असतो, काय करणार!

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी शेजारीपाजारी निरोप घ्यायला गेल्या. तिघांच्या बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. मोठीची चेन एका बाजूला फुगली होती. भरणेसाहेब तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसले आणि मग उठले. आपण फक्त तेवढी बाजू सपाट करणार, असं त्यांनी स्वतःला बजावलं. बॅग आडवी घातली, चेन ओढली.

वरचे कपडे सुट्टीचे होते. त्याखाली टॉवेलात गुंडाळलेली तिची कापड कापायची मोठी कात्री होती. थोडे दिवस भावाकडे जाणारी बाई कात्री नेत नाही, हे त्यांना लगेच कळलं. तरी त्यांनी मनाची समजूत घातली, दादाला हात हवाय म्हणाली होती. मग तळाशी हात गेला. तिथे दोन जाड, थंडीचे कोट होते, आणि त्यांच्या घरात असे कोट कधी लागलेच नव्हते. एक तिचा. दुसरा त्यांनी बाहेर काढून धरला आणि तिचाच असेल असं समजून पुन्हा ठेवू लागले. कॉलरला मात्र आत नाव शिवलेलं होतं, बबडीचं, शाळेसाठी शिवतात तसं. कोट बबडीला कितीतरी मोठा होता. बाह्या बोटांच्याही खाली येतील. असा कोट कुणी सुट्टीला घेत नाही. पोर वाढेल, येता हिवाळा आणि त्याच्या पुढचा हिवाळा निघेल, या हिशेबाने आई कोट घेते.

भरणेसाहेब तो कोट मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिले. लेक या कोटाएवढी होईल तेव्हा ती कशी दिसेल, हे त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना.

मग त्यांनी जे केलं त्याला वेडेपणाच म्हणायला हवं. त्यांनी कोट होता तसा घडी करून तळाशी ठेवला, आणि स्वतःची बॅग उघडून ओढत आणली. आपले दोन शर्ट, एक पँट, घरातली जुनी चप्पल आणि चांगले जड बूट, पोटात मोजे घालून, बायकोच्या बॅगेत बसवले. तिची शाल आणि बबडीचा पांढरा स्वेटर आपल्या बॅगेत घेतला. ज्याचे कपडे एखाद्या घरात राहतात तो तिथला पाहुणा नसतो, त्याला पुन्हा यावंच लागतं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. आणि ज्यांचे कपडे त्याच्यासोबत परत येतील त्यांनाही कधीतरी मागे यावं लागेल. जन्मभर बॅगा भरलेल्या माणसाजवळ संसार वाचवायला दुसरं काही हत्यार नव्हतं. जिन्यात बोलणं ऐकू आलं तशी त्यांनी घाईने चेन ओढली. काटा लावायचा राहून गेला. असं त्यांच्या हातून पहिल्यांदाच झालं.

विमानतळावर काउंटरच्या मुलीने मोठी बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली, आकडा बघितला आणि मान हलवली.

"एका बॅगेत इतकं वजन चालतच नाही. थोडं काढून दुसरीत टाका, मग या."

"घरी मी केलं होतं की वजन," बायको म्हणाली. "बरोबर भरलं होतं." आणि मग तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही उघडली होती?"

"चेन फुगली होती," भरणेसाहेब म्हणाले. "जरा सपाट केली."

तिने बॅग रांगेतून बाजूला ओढली, फरशीवर आडवी घातली आणि गुडघे टेकून बसली. लोक आपापल्या ट्रॉल्या वळवून पुढे जात होते. आधी शर्ट निघाले. मग पँट. मग बूट. तिने बूट उचलून आत बघितलं, मोजे होते.

"तुमची आणा," ती म्हणाली.

त्यांनी आपली बॅग आणून तिच्याशेजारी ठेवली आणि स्वतःच उघडली. आपल्या बॅगेत हात घालायचा तिला परवाना आहे हे त्यांना दाखवायचं होतं. बबडी दोन्ही बॅगांच्या मध्ये उकिडवी बसली. आई एकेक वस्तू तिच्या हातात देत होती.

"हे बाबाचं," बबडी म्हणे आणि इकडे ठेवी. "हे आपलं." आणि तिकडे.

भरणेसाहेब ऐकत होते. घरात रोज कितीदा हा शब्द येतो, आपलं घर, आपली गाडी, आपली खोली, आणि तो उच्चारताना कुणी कुणाला मोजत नाही. पोरीनेही मोजलं नव्हतं. तिच्या तोंडी तो सहज आला होता, आईला म्हणून, दोघींपुरता. बाबा हातभर अंतरावर बसलेला होता, पण तो त्यात नव्हता. तिला हे कळलंही नाही, आणि तिला रागवावं असं त्यात काही नव्हतं.

"बाबा, माझा स्वेटर तुझ्या बॅगेत कसा?"

"चुकून आला असेल."

"तुझ्याकडून?" बबडीने त्यांच्याकडे बघितलं. बाबाच्या हातून बॅग भरताना चूक होत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिचा चेहरा बदलला. तिने स्वेटर खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि कुठल्या बाजूला ठेवायचा ते विचारायला आईकडे बघितलं.

"आण इकडे," आई म्हणाली. मग नवऱ्याच्या बॅगेत भावाच्या घरच्यांसाठी घेतलेल्या भेटवस्तू होत्या, त्याही तिने उचलल्या. "दादाकडच्या या माझ्याकडे राहू द्या. तुम्हाला कशाला ओझं."

"मला ओझं नाही," भरणेसाहेब म्हणाले.

"राहू द्या हो."

तिने मोठी बॅग पुन्हा भरली. भराभर भरली, बुटांची जागा भेटवस्तूंनी घेतली, आणि भरणेसाहेबांच्या लक्षात आलं की ती फार छान भरते. कोपरे बसवते, फुटण्याजोगं मध्ये घेते, चेन एका ओढीत लागते. हे ती केव्हा शिकली असेल? शिकलेलीच असणार. त्यांनी तिला कधी करू दिलं नव्हतं.

त्यांची स्वतःची बॅग बंद केल्यावरही आत सामान इकडून तिकडे घसरत होतं.

तिघं पुन्हा काउंटरपाशी आली. बॅगा एकेक करून पट्ट्यावर ठेवल्या. मुलीने आकडे बघितले.

"या मोठीत थोडं जास्तच आहे अजून," ती म्हणाली, "पण साहेबांच्या बॅगेत तर काहीच नाही. तुम्ही एकाच कुटुंबातले ना? मग वजन एकत्र धरते."

तिने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. हे उत्तर द्यायचं आपलं नाही, एवढं भरणेसाहेबांना कळत होतं. त्यांनी पट्ट्याच्या रबरी कडेवर हात ठेवला होता आणि त्या हाताकडे बघत ते उभे होते.

"हो," बायको म्हणाली. "एकत्र."

मुलीने बटण दाबलं. बॅगा एकामागून एक सरकत आत गेल्या. आता तरी त्यांनी गप्प बसायला हवं होतं, पण दोन महिने "मग बघू"वर काढलेल्या माणसाला एवढा मोठा शब्द पचला नाही.

"एकत्र म्हणालीस," ते हळूच म्हणाले.

"अहो, वजनापुरतं."

ती हे तोडून बोलली नव्हती. समजावल्यासारखं, जरा कळवळूनच बोलली होती, आणि म्हणूनच आता विचारण्यासारखं काही उरलं नाही हे भरणेसाहेबांना समजलं. त्यांना खूप दमल्यासारखं झालं.

काउंटरच्या मुलीने सामानाच्या तिन्ही पावत्या सवयीने त्यांच्याच पुढे केल्या. त्यांनी त्या घेतल्या, चष्मा वर करून एकेक नीट वाचली. मग दोन बायकोच्या हातात दिल्या आणि आपली एक खिशात ठेवली.