ताईची भिवई
कपाट आवरताना भिवईच्या पेन्सिलीचं थोटूक सापडलं आणि यवतमाळच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवली. दिग्रसच्या घरी लहानपणी स्टोव्हचा भडका उडून माझ्या ताईची डावी भिवई जळाली, ती पुन्हा आलीच नाही. तेव्हापासून ती पेन्सिलीनं भिवई काढल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. त्या दिवशी डोक्यामागचे केस मुळासकट काढून तिच्या भिवईत लावायचे होते. खोलीत स्पिरिटचा वास भरला होता. डॉक्टरांनी आखणीसाठी पेन उचलला, तशी ताई म्हणाली, “थांबा साहेब, थे मी काढतो. मले रोजची सवय हाय.” डॉक्टरांनी पेन तिला दिला आणि स्वतः आरसा धरला. तिनं एका दमात रेघ ओढली. दोन्ही भिवया पट्टीनं मोजून ते म्हणाले, “माझ्यानं इतकी जुळली नसती.” मग दुपारपर्यंत मान वर न करता त्या रेघेवर ते एकेक केस तिरपा झोपवून लावत राहिले. डोक्याचेच केस ते, अजूनही भराभर वाढतात. दर पंधरवड्याला मीच कात्रीनं कापते. परवा त्यात एक पांढरा दिसला. उपटू का म्हटलं, तर ताई आरशात बघत म्हणाली, “राहू दे वं. पेन्सिलीची कधी पिकली असती का?”