नानांची ‘चेष्टा’

पटकथा वाचताना नाना बिवलकर पात्रांची नावे पोस्टकार्डाने झाकून ठेवत. नुसत्या संवादावरून बोलणारा ओळखू आला नाही, की तिथे पेन्सिलीचा गोल. “सगळे एकाच तोंडानं बोलून राहिलेत भिया, मग माणसं पाच लिहिली कशाला?” रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले नाना उज्जैनच्या टावर चौकामागच्या दोन खोल्यांत राहत. सिनेमा लिहू पाहणारी मुले इंदूरहून, पुण्याहून त्यांच्याकडे हस्तलिखिते पाठवीत.

या माणसाच्या शोकसभेत परवा आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “नानांच्या फटकळपणापायी एका गुणी मुलीची लेखणी थांबली. मेधानं स्वतः मला सांगितलं. तिच्या पटकथेला त्यांनी ‘मोठी चेष्टा’ म्हटलं.” सभेने माना डोलावल्या. मी डोलावली नाही. नाना ते शब्द लिहीत होते तेव्हा त्यांच्यासमोर मी बसलो होतो, अध्यक्ष नव्हे.

मेधा माझी पुतणी, पुण्यात वाढलेली. तिच्या पटकथेतल्या मुलीला संशय आहे, की आईचा विसराळूपणा हे ढोंग आहे. आई चहात साखरेऐवजी मीठ घालते आणि मुलगी तिच्याकडे रोखून पाहत तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पिते. त्या प्रसंगाशी नानांनी चष्मा काढला. “दोघी एकमेकींची परीक्षा घेताहेत, अन् तोंडातून शब्द नाही! हे शिकवून येत नसतं.” पुढे मानसोपचारतज्ज्ञ आला आणि चार पाने मुलीचे मन उलगडून सांगत बसला, तेव्हा मात्र ते भडकले. “ह्या डॉक्टरला आधी बाहेर काढा! हा आला की सगळ्यांचं दुखणं बरं होतं अन् पिक्चर मरून जातं.” दोन्ही मते त्यांनी समासात नोंदवली आणि पहिल्या पानावर शीर्षकाखाली लिहिले : ‘ही एक मोठी चेष्टा आहे.’

नाना उज्जैनचे. शाळा हिंदी, कचेरी हिंदी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पुण्यात चेष्टा म्हणजे थट्टा. मेधाने ते वाक्य आधी वाचले, आणि मग आतली स्तुतीही तिला टोमणाच वाटली असणार.

हे मी सभेत उठून सांगितले, तर अध्यक्ष हसले. “जाऊ द्या आप्पा, आता शब्दाचा कीस कशाला?” कीस! एकेका शब्दासाठी ज्याने डोळे झिजवले, त्याच्या नावावर एका शब्दाचा खोटा अर्थ कायमचा चिकटवायचा, आणि गप्प बसायचे मी? मी माइक सोडला नाही.

घरी येऊन मेधाला फोन केला. हे सगळे तिला सांगितले.

“मोठा प्रयत्न?”

“हो.”

“काका, ते पान पाठवण्याआधी तुम्ही वाचलं होतं?”

वाचले होते. साताऱ्यात वाढून नोकरीसाठी इथे आलेला मी, दोन्ही अर्थ जाणणारा. मनातल्या मनात हसलो होतो आणि पोरीला कळेल असे धरून पाकीट चिकटवले होते. पुढे नाना अखेरपर्यंत विचारीत राहिले, “पोरीनं डॉक्टरला काढलं का रे?” आणि मी म्हणत राहिलो, “लिहीत असेल.”

“वाचलं होतं,” मी म्हणालो.

“मग हे सभेत सांगितलंत?”

सांगितले नव्हते. म्हणून इथे लिहितो आहे.