बसमधला गंगेचा गडू

चाळीसेक मराठी माणसं एका बसमध्ये बसवली की पहिल्या तासात डबे उघडतात, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या मराठी मंडळानं बस ठरवून युटाच्या वाळवंटात ट्रिप काढली. मी आधीच बजावलं होतं की खाणं सुटसुटीत ठेवा, सँडविच करा. पण ऐकतंय कोण? पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, श्रीखंड आलं, आणि एका काकूंनी तर मोठ्या कूलरमध्ये ताक भरून आणलं.

माझ्या सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत गडू. या गडूबद्दल सांगायलाच हवं. काशीहून आणलेला, तांब्याचा, मोठ्या मोसंब्याएवढा, तोंड कथलाचा डाक लावून बंद केलेला. आत गंगा. सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच. त्यांना मरणाची भीती अशी नव्हती. भीती एकच होती, की या परक्या मुलखात तोंडात गंगा न पडता आपण जाऊ. म्हणून गडू सगळीकडे बरोबर. ग्रोसरीला, देवळाला, डेंटिस्टकडेसुद्धा.

"अहो आई, दात काढून कोणी मरत नाही," मी एकदा म्हणाले होते.

"तुला काय माहीत," त्या म्हणाल्या. विषय संपला.

रस्ता म्हणाल तर सरळ, आणि दोन्हीकडे काही म्हणजे काही नाही. तांबडी माती, तांबडे डोंगर, झाड औषधाला नाही. पहिल्यांदा सगळे खिडकीला नाक लावून "आहाहा" करत होते. दुपारपर्यंत डोंगरांकडे पाठ करून अंताक्षरी सुरू झाली. आमचा ड्रायव्हर थोराड अमेरिकन, पांढऱ्या मिश्यांचा, अबोल माणूस. मुलं त्याला ड्रायव्हर काका म्हणत. तो मान हलवायचा.

एका मोठ्या खडकाच्या सावलीला त्यानं बस थांबवली आणि आमची पंगत बसली. जेवणं झाली, आणि इथे घोटाळा झाला. मराठी माणूस जेवला की त्याला हात धुवायला लागतात. नुसते धुवून भागत नाही, चूळ भरायला लागते. श्रीखंडाचे चिकट हात कागदी नॅपकिननं पुसून बसमध्ये बसणं आमच्याच्यानं होणं शक्य नव्हतं. प्यायच्या पाण्याचा पिंप बघता बघता रिकामा झाला. मग कुणाला तरी बसच्या पोटात पाण्याचे दोन कॅन सापडले. वा! बायकांनी पातेली विसळली, डबे धुतले, एका काकांनी तर पायावर पाणी घेतलं. ड्रायव्हर काका तेव्हा खडकामागे टेकून डुलकी काढत होता. ते कॅन त्यानं बसच्या रेडिएटरसाठी ठेवले होते; कशाला ठेवलेत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. मी ताटं धुण्यात दंग.

पुढे चढ लागला आणि बस धापा टाकायला लागली. वाफ निघाली. ड्रायव्हर काका उतरला, कॅन काढले, ते उलटे करून पाहिले आणि आमच्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मदतीची गाडी येईपर्यंत थांबायला लागेल, एवढंच तो म्हणाला, आणि त्या रणरणत्या उन्हात बसखाली शिरून खटपट करत राहिला. जरा वेळानं बाहेर आला तो लालबुंद होऊन. चाकाला टेकून बसला आणि माझा नवरा काय विचारतोय त्याला उत्तरच देईना.

आमच्यात एक डॉक्टर काका होते. त्यांनी नाडी बघितली, त्याला सावलीला ओढायला लावलं, आणि म्हणाले, "पाणी आणा. लगेच."

पाणी कुठलं? ताक तर सगळ्यात आधी संपलेलं. मुलांचे कोक संपलेले. चिवडा होता, लोणचं होतं, निम्मं श्रीखंड होतं. मला इतकी लाज वाटली की त्या पातेल्यांकडे बघवेना. एवढी लख्ख पातेली, आणि माणूस तहानेनं पडलाय.

तेवढ्यात सासूबाई बसमधून उतरल्या. गडू माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "याचं तोंड फोड."

नवरा बघतच राहिला. "आई, ही तुझी..."

"फोड म्हटलं ना."

एक काकू पुटपुटल्या, "अहो, गंगा तोंडात घालतात ती शेवटी. तो काही मरत नाहीये."

"म्हणूनच देतेय," सासूबाई म्हणाल्या. "मेल्यावर देऊन काय उपयोग?"

डॉक्टर काकांनी गडूकडे पाहिलं. त्या पाण्याला कितीक वर्षं झाली असतील, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. मग ते म्हणाले, "द्या. नंतरचं नंतर बघू." नवऱ्यानं ड्रायव्हरच्याच स्क्रू-ड्रायव्हरनं डाक उचकटला. सासूबाईंनी खाली बसून त्याला घोट घोट पाजलं, उरलं त्यात पदर भिजवून त्याच्या मानेवर धरला. पाचदहा मिनिटांनी त्यानं डोळे नीट उघडले, सासूबाईंना थँक्यू मॅम म्हणाला, आणि आणखी आहे का विचारलं. आम्ही सगळे हसलो. रडूही आलं, खोटं कशाला बोलू. मग एक शेतकरी पाण्याची टाकी लादलेला ट्रक घेऊन आला आणि बसची तहानही भागली.

संध्याकाळभर सासूबाई खिडकीशी बसून होत्या. रिकामा गडू मांडीवर. मी जन्मात त्यांचे कधी फारसे लाड करणारी सून नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी रस्ता कोलोरॅडो नदीच्या काठाला उतरला. सासूबाईंनी माझ्याकडून बस थांबवून घेतली. ड्रायव्हर काकानं त्यांना हात धरून खाली नेलं. पाणी हिरवंगार, बर्फासारखं थंड. त्यांनी डोळे मिटून रोजच्यासारखी सात नद्यांची नावं घेतली, कावेरीनंतर थोडं थांबून कोलोरॅडो म्हणाल्या, आणि गडू बुडवला. तोंडाला चिंधी बांधून तो घरी आला आणि किचनच्या कपाटातल्या देवांपाशी बसला.

काही वर्षांनी त्या गेल्या, चँडलरच्याच घरात. शेवटच्या दिवसांत, त्या दिवशी पुटपुटलेल्या त्याच काकू मुद्दाम भारतातून आणलेली गंगेची सीलबंद बाटली घेऊन आल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, यांची इच्छा पुरी झाली. मी बाटली उघडली, चमचा ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"ते नको," त्या म्हणाल्या. "माझं आण."

मी कपाटातून गडू आणला. चिंधी सोडली. दोन चमचे त्या प्यायल्या. तिसरा ओठांवरून ओघळला, तो मी माझ्या पदरानं पुसला.