गार पडली

कंडक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकूंनी तीन इमारतींचा ओला कचरा गोळा करून मागच्या अंगणात खताची रास घातली. रास आतून गरम असली की खत होतं. गार पडली की नुसती कुजते. पुन्हा वास आला तर हे बंद, असं रहिवाशांनी बजावलं होतं.

एका सकाळी काकूंनी राशीत हात घातला आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं, गार पडली. कालपर्यंत बरी होती गं!"

काकूंच्या सासूबाई नव्वदीच्या होत्या; बहिणी-बहिणींच्या बोलण्यात त्या नुसती 'म्हातारी'. बहिणीने पुढचं ऐकलंच नाही. तासाभरात ती, मेहुणे आणि भाचे डोळे पुसत हजर झाले. दार सासूबाईंनीच उघडलं.

"रडताय कशाला? कोण गेलं?"

तेवढ्यात काकू आल्या.

"बरं झालं आलात. हवा कोंडलीय, रास उलटायला हवी. एकटीने होईना."

त्यांनी मेहुण्यांच्या हातात फावडं दिलं. आलेच होते, म्हणून सगळ्यांनी रास उलटली.

दुसऱ्या दिवशी राशीतून वाफ निघाली. काकूंनी लगेच फोन केला.

"अगं, ऊब धरली!"

"कोणी, ते आधी सांग," बहीण म्हणाली.