सुशीचं स्थळ आणि माझं इको मशीन

मला मशीनमधलं सगळं कळतं, असं आमच्या घरात मी एकटाच म्हणत असे.

सौंसरला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुशीच्या लग्नाचं चाललं होतं. नागपूरचं स्थळ. मुलगा सुशीला फार आवडला होता (त्याचा चहाचा कप तिनं स्वतः विसळला, आमच्या घरात हा चमत्कारच!). पण त्याच्यासोबत आलेली त्याची आई भजनाची दर्दी. त्यांचा निरोप आला, "मुलगी गाते म्हणता, तर कॅसेट भरून पाठवा. ऐकून मग कळवू."

"नुसतं टेपवर कसं भरायचं? आवाज घुमला पाहिजे!" मी म्हणालो आणि लाऊडस्पीकरवाल्याचं इको मशीन उचलून आणलं. माइकची पिन मशीनमध्ये, मशीनची पिन टेपमध्ये, झालं! चाचणी म्हणून आधी मीच एक भजन म्हटलं. माझा घुमणारा आवाज मला इतका आवडला, की पुसवेना! त्याच्यापुढेच सुशीचं भजन भरलं. पोरगी काय गायली हो!

मी मशीनचं बटण खटकन बंद केलं.

"झालं का रे बंद?" आईनं कुजबुजत विचारलं.

"बंद! बोल आता मोकळी."

"हुश्श माय! ते सासू लय कडक दिसून राहिली बाई. पोरगं तं तिच्यासमोर खोकत बी नाही. अन् आपल्या संत्र्याले आंबट म्हणे! आपल्या जिभेचं पाहा म्हणा!"

"आई, काहीही काय बोलते!" सुशी ओरडली.

"खरं तेच सांगून राहिली ना!"

इतक्यात नागपूरच्या गाडीची वेळ झाली. मी कॅसेट काढली, धावत स्टँडवर गेलो आणि कंडक्टरच्या हाती दिली. तिकडे मुलाचा भाऊ घ्यायला येणार होता.

घरी येऊन ऐटीत मशीनशी खेळत बसलो. दुसरी कॅसेट घातली, मशीनचं बटण बंदच ठेवलं आणि गंमत म्हणून माइकमध्ये 'हॅलो' म्हणालो. वाजवून पाहिलं, तर टेप स्वच्छ म्हणाला, 'हॅलो!' त्या बटणानं फक्त घुमणं बंद होत होतं, माइक चालूच! आणि गाडीची वेळ होईपर्यंत टेप तर मी बंद केलाच नव्हता!

"आई," मी म्हणालो, "तुझी संत्री नागपूरला निघाली."

स्कूटरला किक मारली आणि गाडीमागे सुटलो. वाटेतल्या बोरगावला गाडी नुकतीच निघून गेलेली, आणि स्कूटरनं तिथंच जीव सोडला! ती ढकलत घरी आलो, तर सुशी रडून राहिली होती.

"दादा, हे लग्न मोडलं तं मी जन्मात तुझ्याशी बोलणार नाही!"

नंतर नागपूरहून काही कळेना. घरात जेवणं होत होती, पण घास कुणाला गोड लागत नव्हता. आई तर भिंतीकडे पाहूनही दबक्या आवाजात बोले. आणि रविवारी मुलाची आई स्वतःच दारात उभी!

त्या खुर्चीवर बसल्या. आम्ही उभेच.

"मी कडक आहे, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. आईचा चेहरा पांढराफटक. "पण संत्रीही आंबटच होती. पोरगी मात्र फार गोड गाते हो. आज चांगली पाहून आणा दोन संत्री, विहीणबाई!"

विहीणबाई! सुशी आत पळाली, आईला रडूच फुटलं. मला हुरूप आला.

"आमच्या मशीनची कमाल!" मी म्हणालो.

"ते सुरुवातीला कोण गात होतं?"

"मी!" मी छाती काढून पुढे झालो.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "आम्हाला वाटलं, कॅसेट अडकली. दोनदा काढून पुसली. शेवटी टेप दुरुस्तीला नेला!"

सुशीच्या लग्नात मी मठ्ठा वाढला. तोही तोंड बंद ठेवून.