मोहरीची मूळ प्रत

बुऱ्हाणपुरात ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत मी छपाई आणि टपाल सांभाळतो. शेतकऱ्यांची वॉरंटीची पत्रं छापायची, पाकिटात भरायची, पोस्टात नेऊन द्यायची. वडील कागद गिरणीतून रिटायर झालेले. गिरणीच्या नोकरीसाठीच ते जळगावकडून या मुलखात आले. त्यामुळे आमच्या घरात कागदाविषयी मतं फार.

मागच्या दिवाळीनंतर मुख्य कार्यालयाला एकाएकी पर्यावरणाची काळजी वाटू लागली. आदेश आला की यापुढे प्रत्येक पत्र बियांच्या कागदावर जाईल. लगद्यातच मोहरीचे दाणे घातलेले. पत्र वाचायचं, मातीत लावायचं, वर रोप येणार. कचरा शून्य.

नमुना मी राजपुऱ्यात घरी नेला. वडिलांनी तो उजेडाकडे धरला, नखाने खरवडला, कानाशी नेऊन हलवला.

"हा कागद नाही, पापड आहे," ते म्हणाले. "तळून बघ."

तळायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. प्रिंटरच्या आतला रूळ चांगलाच तापतो, हे वर कुणाच्या ध्यानात आलं नसावं. पहिलं पत्र आत गेलं आणि आतून तडतड ऐकू आली. मग खोलीभर फोडणीचा वास. साहेब केबिनबाहेर आले.

"डबा कोणी उघडला रे? अभी तो साढ़े दस बजे हैं."

"साहेब, पत्र छापतोय."

साहेबांनी वर फोन लावला. योजना थांबणार नाही, असं उत्तर आलं. शेवटी मजकूर साध्या कागदावर छापायचा आणि तो बियांच्या कागदावर डिंकाने चिकटवायचा, असं ठरलं. म्हणजे एका पत्राला दोन कागद. महिन्याच्या अहवालात 'कागद बचत' असा रकाना होता. तो कसा भरू विचारलं, तर साहेब म्हणाले, "वो ऊपरवालों का रकाना है, आपण हात नाही लावायचा."

मजकूर वरूनच आला होता. मी फक्त टाइप केला. पहिली ओळ होती, 'वाचून झाल्यावर हे पत्र मातीत लावा.' शेवटची ओळ, 'वॉरंटीसाठी मूळ पत्र जपून ठेवा.' दोन्ही ओळी माझ्याच बोटांखालून गेल्या आणि मला काही खटकलं नाही, हे कबूल करतो.

दीडेक महिन्याने निंबोल्याच्या एक मावशी आल्या. पन्नाशीच्या, केळीचा बाग स्वतः बघणाऱ्या. हातात तेलाचा कापलेला डबा, डब्यात मोहरीची वीतभर रोपं.

"भाऊ, फिल्टर गळून राहिला. फोन केला तर म्हणे मूळ पत्र आणा."

"मग आणलंत का पत्र?"

"हे काय." त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला.

मी डबा फिरवून चारी बाजूंनी बघितला.

"तुमीच लिवलं ना, मातीत लावा? लावलं. रोज पाणी घातलं. आता मूळ मागता. मुळं खाली आहेत, उपटून दाखवू का?"

मी फुटपट्टीने माती उकरली. डिंकाचा एक काळपट गोळा निघाला, त्यावर पत्राच्या नंबरातला सातचा आकडा दिसत होता, किंवा एकचा असेल. साहेब आले, वाकून बघितलं, नियमांचं पुस्तक चाळलं. बराच वेळ चाळलं.

"नियमात मूळ पत्र लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "कागदच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

डबा आवक टपालात नोंदवला गेला. शिक्का मोहरीच्या पानावर मारून बघितला तर पान फाटलं, म्हणून डब्यावर मारला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'पत्र एक, उगवलेलं.' मावशींनी पोच घेतली आणि बसने निघून गेल्या.

मुख्य कार्यालयाने कळवलं की इंदूरहून तपासनीस येऊन मूळ प्रत बघतील, मगच नवा फिल्टर मिळेल. तोवर प्रत सुस्थितीत ठेवणं ही टपाल विभागाची जबाबदारी. म्हणजे माझी. मी पत्राला पाणी घालू लागलो. सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद, म्हणून शनिवारी डबा स्कूटरच्या पुढे ठेवून घरी न्यायचो. ज्यांनी त्याला पापड म्हटलं होतं, ते वडील दिवसभर डबा उन्हाप्रमाणे सरकवत बसायचे आणि चिमण्यांना हाकलायचे.

"मेलं तर त्या बाईची केळी जातील," ते म्हणायचे. हे कुणी विनोदाने घेतलेलं त्यांना चालत नसे.

तपासनीस आले तेव्हा रोपांना पिवळी फुलं धरली होती. गृहस्थ शांत, चष्मेवाले. त्यांनी डब्यावरचा शिक्का रजिस्टरशी ताडून बघितला. एक पान खुडून चावलं.

"मोहरीच आहे," ते म्हणाले. "याची झेरॉक्स?"

मला काय सुचलं कोण जाणे, डब्यातलं एक रोप उपटून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फायलीत दाबून ठेवलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'मूळ प्रत पाहिली. नक्कल जुळते.' खाली सही केली.

फिल्टर आठवड्याने आला, पण बसवणारा मिस्त्री धूलकोटकडे कामावर अडकलेला. वाट बघवेना, म्हणून मीच तो घेऊन निंबोल्याला गेलो. पान्याचं काम मला येत नाही. मावशींनीच फिल्टर बसवला, मी नुसता पाइप धरून उभा. त्यांनी कॉक फिरवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नळीतून हवेची फुरफुर आली आणि पहिल्या केळीच्या बुंध्याशी एक थेंब पडला, मग दुसरीच्या, मग पार ओळीच्या टोकापर्यंत.

अकरा वर्षं मी या थेंबांबद्दल पत्रं छापतोय. ते पडताना आधी कधीच बघितले नव्हते.

"काय बघून राहिले, भाऊ?" मावशींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि तसाच उकिडवा बसून राहिलो. त्या चहा ठेवायला आत गेल्या.