रणातल्या माणसांचे पाय

गोदामांची रांग संपली, खाजणातली शेतं लागली, तरी आक्काचा वेग काही कमी होईना. मागून चंद्रा जवळजवळ धावत होती. आक्काचं वय सत्तरीपार, चपला हातात, आणि पाय असे उचलत होती की जणू पुढचं खारबाव गाव कुणी उचलून नेणार होतं.

"आक्का, घोटभर पाणी तरी पी."

"चांगदेवकडं पिऊ."

"रिक्षा केली असती तर एव्हाना पोचलो असतो."

"रिक्षावाले समदे मनोजचे दोस्त. बसल्या बसल्या त्याला फोन जाईल, तुझी आई फिरायला निघाली म्हणून." आक्का थांबली नाहीच. "घरी सांगितलंय, देवळात जाते. तुला कुणी विचारलं तर तू पण देवळातच हायेस."

देवाच्या नावावर खोटं बोलायचं चंद्राच्या जिवावर आलं. मनातल्या मनात तिनं एकवीरा आईची माफी मागितली आणि पदर खोचला.

हे सगळं सुरू झालं एका सिनेमापासून. चंद्रा गावच्या अंगणवाडीत शिकवते, आक्का तिच्या शेजारची. गेल्या महिन्यात कुठल्याशा संस्थेची पोरं समाजमंदिरात पडदा लावून वाळवंटातल्या माणसांवरचे सिनेमे दाखवून गेली. पहिल्यात उंट होते, वाळू होती, आणि बायका घागरी घेऊन एवढं लांब चालत होत्या की निम्म्या लोकांना पेंग आली. दुसरा लागला आणि म्हाताऱ्या ताठ बसल्या. पडद्यावर कच्छचं रण होतं, आणि रणात मिठागर.

"अगो, ही तर आपल्यासारखीच मिठाची फळी ओढतात!"

"आणि ऊन पण आपल्यासारखंच खातात!"

हशा झाला. तेवढ्यात सिनेमातला एक म्हातारा खाली बघत म्हणाला, आमच्या माणसाला जाळलं की सगळं जळतं, पाय तेवढे जळत नाहीत. जन्मभराचं मीठ मुरलेलं असतं त्यांत. ते वेगळे पुरायला लागतात, मूठभर मिठाबरोबर.

आक्का हसता हसता थांबली.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली ती सरळ महादूबरोबर मिठागरातच उतरली होती. त्याचे तळवे असे झाले होते की काटा मोडला तरी कळायचं नाही. रात्री ती खोबरेल चोळायला बसली की तो म्हणायचा, "कशाला तेल फुकट घालवतेस? पाय न्हाईत, खडावा हायेत त्या." पुढं मिठागरावर भराव पडला, गोदामं आली, मनोज जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर झाला, घराला लाद्या बसल्या. चार वर्षांपूर्वी महादू गेला. बायका स्मशानात जात नाहीत. आक्का उंबऱ्याशीच थांबली होती.

त्या सिनेमानंतर ती रोज संध्याकाळी चंद्राच्या मोबाइलसमोर येऊन बसायला लागली. "लाव गो ते वाळवंटातलं." राजस्थानातलं झालं, अरबस्तानातलं झालं, आफ्रिकेतलंही झालं. गाणी आली की पुढं ढकलायला लावी, मारामारी आली की डोळे मिटी. "त्याचं तोंड कशाला? पाय दाखव," असं म्हणे, जसा काही कॅमेरा चंद्राच्याच हातात होता. रणातला म्हातारा खरं बोलला का, हे तिला दुसऱ्या कुणा वाळवंटातल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. कुणीच बोललं नाही. महादूच्या दहाव्याला कावळा शिवायला वेळ लागला होता, ते मात्र तिला आता आठवायला लागलं; पाय मागं राहिले म्हणून जीव अडकला असेल का? ताटातला घास ताटात राहू लागला. मनोज म्हणाला, "सिनेमावाले काय पण दाखवतात, आई." तेवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं.

शेवटी तिला चांगदेव आठवला. महादूचा मावसभाऊ. सरण रचायला आसपासच्या गावांतून त्यालाच बोलावतात. महादूचंही त्यानंच रचलं होतं.

चांगदेव ओट्यावर जाळं सांधत बसला होता. "वहिनी? आणि चालत? मनोजनं गाडी काय पुजायला घेतली हाय?"

"चांगदेव, मनोजच्या बापाचे पाय जळले होते का?"

त्याचं हसू तोंडावरच राहिलं. चंद्रानं सिनेमाचं सांगितलं.

"जळले की. समदं जळलं. एवढी आंब्याची लाकडं घातलेली."

"तू बघितलेस?"

"मीच तर सरण..."

"रचलंस ते माहीत हाय मना. पाय जळताना बघितलेस?"

चांगदेवनं सुई खाली ठेवली. "खरं सांगू, वहिनी? डोकं फुटल्याचा आवाज आला की माणसं माघारी फिरतात. रीतच हाय ती. मागं वळून पण बघायचं नसतं. आजवर एवढी सरणं रचली, पायांकडं कोण बघतं?"

"आणि तिसऱ्या दिवशी? राख सावडायला तूच होतास."

"उधाणाची भरती होती. पाणी पार चौथऱ्यावर आलेलं. हाताला लागलं तेवढं मडक्यात घातलं, बाकी खाडीनं नेलं." त्यानं जाळं बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "खाडीचंच मीठ होतं वहिनी, खाडीनं परत नेलं असं समज."

"समजूत नको घालूस. त्याच्यासाठी एवढं चालत न्हाय आले."

पाणी तिनं उभ्यानंच प्यायलं आणि ती निघाली. परतीच्या वाटेवर ट्रेलरची धूळ अंगावर येत होती. पुलाच्या कठड्याशी एकदाची ती बसली.

"देवाला कळतं सगळं, आक्का," चंद्रा म्हणाली. "तो कुणाला असा अडकवून नाही ठेवायचा."

"देवावर भरवसा हाय माझा. पण त्या दिवशी तो तरी शेवटपर्यंत थांबलेला का? का डोकं फुटल्यावर तो पण घरी गेला?"

आक्कानं एक पाय गुडघ्यावर घेऊन तळवा दाबून पाहिला, मग दुसरा.

"चंद्रे, माझे पण तसलेच हायेत. मी गेले की तू स्मशानात ये."

"मी? बाईमाणूस?"

"बायका जात न्हाईत, ते तू मना सांगतेस? लोक बोलतील, बोलू दे. देवाचं नाव घेऊन ये. समदे माघारी फिरले तरी तू पायांकडनं हलू नकोस. जळले तर सरळ घरी जा. न्हाय जळले तर मूठभर मीठ घाल आणि पुरून टाक. येशील ना?"